स्पेनमध्ये शिकताय? बाहेरचं जेवण दुपारीच उरका

संध्याकाळी सातला भूक लागली म्हणून निघालात तर बऱ्याच हॉटेलांचं किचन बंद, साडेआठ-नऊशिवाय जेवण नाही आणि तेही महाग.

१. बाहेर खायचंच तर सोमवार ते शुक्रवार, दुपारी दीड ते साडेतीनमध्ये जा.
२. दारातल्या फळ्यावर 'मेनू देल दिया' बघा, ठरलेल्या किमतीत दोन डिश, ब्रेड, बहुतेक वेळा ड्रिंक आणि गोड किंवा कॉफी, पोट टम्म. टुरिस्टांच्या चौकातलं नको, युनिव्हर्सिटीजवळच्या गल्लीतलं बरं पडतं.
३. रात्री रूमवर खिचडी.

शाकाहारी असाल तर ऑर्डर देण्याआधी प्रत्येक डिशमध्ये काय काय आहे ते नीट विचारा, मसुराच्या आमटीत चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) नि मिक्स सॅलडवर ट्यूना मासा हमखास निघतो.