पाइप जमवायचे तर आधी आतून बघा

हाताने घडवलेला तंबाखूचा पाइप घेताना बहुतेक लोक लाकडावरच्या रेषा बघतात. मी आधी होल बघतो, म्हणजे धूर तोंडाकडे नेणारं आतलं बारीक भोक. माझी सगळी नोकरी ठाण्यात वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये लेथवर झाली, त्यामुळे कुठलाही जॉब हातात आला की नजर पहिल्यांदा ड्रिलिंगकडेच जाते. मी तंबाखू ओढत नाही आणि माझ्या संग्रहातला एकही पाइप कधी पेटवलेला नाही. तरीही सांगतो, ज्या कारागिराने कुणाला न दिसणारा होल मन लावून पाडलाय, त्याने बाहेरचं कामही मन लावूनच केलेलं असतं. उलट मात्र नेहमी खरं नसतं. बाहेरून आरशासारखे चमकणारे आणि आतून वाकडे पाइप बाजारात पुष्कळ आहेत.

थोडं लाकडाबद्दल. चांगले पाइप ब्रायरचे असतात. भूमध्य समुद्राभोवती, म्हणजे इटली, ग्रीस, अल्जीरिया, कॉर्सिका या भागांत इरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. त्याच्या खोड आणि मुळांच्या मध्ये एक गाठ तयार होते, ती म्हणजे ब्रायर. वापरण्याजोगी गाठ व्हायला काही दशकं जातात. ती खणून काढली की तडकू नये म्हणून ओली ठेवतात, मग कापून तासन् तास पाण्यात उकळतात, म्हणजे आतला रस आणि टॅनिन निघून जातं. त्यानंतर महिनोन् महिने, चांगला माल असेल तर वर्षानुवर्षं, सावलीत वाळवतात. गाठीच्या आतल्या भागाच्या ठोकळ्याला एबोशाँ म्हणतात आणि साल असलेल्या बाहेरच्या भागाला प्लॅटो. रेषा बाहेरच्या बाजूला पसरत जातात, म्हणून एकट्याने काम करणारे कारागीर बहुधा प्लॅटो घेतात. तो महागही असतो.

आता खरी गंमत ड्रिलिंगची. फ्रान्समधल्या सँ-क्लोदसारख्या जुन्या पाइप-गावांतल्या कारखान्यांची पद्धत अशी की चौकोनी ठोकळा पकडीत धरायचा, ठरलेल्या मापाने तंबाखू भरायची पोकळी आणि होल पाडायचे आणि आकार त्याभोवती द्यायचा. कोपनहेगनमध्ये काम करणाऱ्या सिक्स्टेन इव्हार्सनने हा क्रम उलटा केला. लाकडाच्या रेषा जातील तसा आकार आधी घडवायचा आणि होल शेवटी. लेथवर काम केलेल्या माणसाला यातली जोखीम लगेच कळेल. सगळीकडून गोलाई आलेल्या जॉबला धरायला सपाट बाजूच उरत नाही. मार्किंग केसभर चुकलं तर ड्रिल भिंतीतून बाहेर येतं, आणि तोवर त्या लाकडावर कित्येक तास गेलेले असतात. आजचे स्वतंत्र कारागीर, डेन्मार्कपासून जपानपर्यंत, बऱ्याच अंशी त्याच रस्त्यावरून चाललेत. सिक्स्टेनचा मुलगा लार्स आणि नात नाना यांनीही हेच काम केलं. जपानचा हिरोयुकी तोकुतोमी सिक्स्टेनकडेच शिकला.

पहिला पाइप कोणता घ्यावा? माझं मत ठाम आहे: सरळ बिलियर्ड. बाऊलची (तंबाखू भरायच्या भागाची) उंची, त्याला जोडलेल्या लाकडी दांडीची लांबी आणि स्टेमची (तोंडात धरायच्या नळीची) लांबी यांचं प्रमाण जिथे उघड दिसतं, असा तो साधा आकार. ब्लोफिश, हॉर्न हे आकार सुंदरच असतात, पण त्यांत थोडा तोल गेला तर तो मुद्दाम केलाय असंही म्हणता येतं. बिलियर्डमध्ये लपायला जागा नाही. एकच आकार वेगवेगळ्या कारागिरांकडून जमवलात तर हातातला फरक कळू लागतो.

नव्याने नाव कमावणाऱ्या कारागिराचा पाइप साधारण २०० ते ४०० डॉलरला मिळतो. नामांकितांचे हजारांत जातात. पैसे बेताचे असतील तर सँडब्लास्ट केलेला घ्या. वाळूच्या माऱ्याने मऊ भाग झिजतो आणि वाढीची वलयं वर येतात. पृष्ठभागावर बारीक खड्डे निघाले म्हणून कारागीर अनेकदा ब्लास्ट करतो आणि किंमत उतरते. आतलं ड्रिलिंग, स्टेम, फिटिंग मात्र त्याच हाताचं असतं. पूर्ण बाऊलभर उभ्या सरळ रेषा असलेल्या गुळगुळीत पाइपला जे जास्तीचे पैसे पडतात, ते त्या लाकडाच्या दुर्मीळपणाचे असतात.

पैसे पाठवण्याआधी कारागिराला लिहा. माझी इंग्रजी पत्रं पुतणी लिहून देते. सुरुवातीला ती म्हणाली, "काका, इतके प्रश्न विचारलेत तर तो चिडेल." मी म्हटलं, "अगं, विचार तू. चिडला तर त्याच्याकडून घ्यायचाच नाही." कुणी चिडलं नाही. उलट चांगल्या कारागिरांची उत्तरं प्रश्नांपेक्षा लांब येतात. ठोकळा कुठून आणला आणि किती वर्षं वाळवला, होलचं माप काय, स्टेम रॉडमधून कापलाय की साच्यातला तयार आणलाय, टेनन (स्टेमचं दांडीत बसणारं टोक) स्टेमच्याच मटेरियलचं आहे की डेलरिन या कडक प्लास्टिकचं, लाकडात कुठे पुटी भरली आहे का, पोकळीला आतून लेप दिलाय का, हे सगळं विचारा. फोटो दोन मागा: वरून पोकळीच्या तळाचा आणि स्टेम काढून दांडीच्या आतला. तळाच्या फोटोत होल बरोबर मध्यावर आणि अगदी तळाला निघालेला दिसला पाहिजे. वर निघाला असेल तर ओढणाऱ्याचा तंबाखू तळाशी ओला राहतो, आणि बाजूला सरकला असेल तर मार्किंग चुकलंय.

पाइप घरी आला की बाऊल एका हातात घट्ट धरून स्टेम घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत काढा, थेट ओढू नका. होल बहुधा ३.५ ते ४ मिलिमीटरचा असतो. ड्रिल बिटची गुळगुळीत मागची बाजू त्यात हलकेच सरकवून बघा, गेजचं काम होतं. पोकळीचा व्यास १९-२० मिलिमीटरच्या आसपास असतो. दातात धरायची जागा व्हर्नियरने मोजा; ४ मिलिमीटरच्या जवळ असेल तर कारागिराने कानस चालवताना कष्ट घेतलेत. मग स्टेम उजेडाकडे धरा. होल टोकाकडे पंख्यासारखा रुंद होत गेलेला आणि आतून घासलेला असावा. टेननचं टोक आणि दांडीतल्या खाचेचा तळ यांत फट जवळजवळ नसावी, कारण तिथेच पाणी साठतं. स्टेम लावून पाइप-क्लीनर तोंडाकडून घाला. तो न अडकता पोकळीत निघाला पाहिजे. शेवटी रिकाम्या पाइपातून हवा ओढा. शिट्टीसारखा आवाज आला तर आत कुठेतरी माप एकदम बदलतंय.

मागवताना एक काळजी. २०१९ पासून आपल्याकडे ई-सिगारेटवर बंदी आहे, म्हणून पार्सलच्या घोषणापत्रावर 'लाकडी पाइप, नवा, इलेक्ट्रॉनिक भाग नाही' असं स्पष्ट लिहायला सांगा. कस्टमच्या सूचीत धूम्रपानाच्या पाइपचं शीर्षक ९६१४ आहे. किंमत खरीच लिहायला लावा आणि शुल्क भरा. दांडीवर हस्तिदंताची किंवा हरणाच्या शिंगाची कडी असलेला पाइप कितीही देखणा असला तरी सोडून द्या. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा इथे आडवा येतो, आणि यायलाच हवा.

ठाण्यात पाइप सांभाळणं हे वेगळंच काम आहे. येऊरच्या बाजूने पाऊस उतरला की घरातली चामड्याची पाकिटं बुरसतात, तसंच लाकडाचंही होतं. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका. काचेच्या कपाटात रंग बदलणारी सिलिका जेल ठेवा आणि रंग उतरला की ओव्हनमध्ये वाळवून परत वापरा. डांबरगोळ्या त्या कपाटात अजिबात नकोत, ब्रायर तो वास धरून ठेवतं. खोबरेल लावू नका, ते चिकट होऊन खवट होतं. गुळगुळीत पाइपला कार्नोबा मेण पुरतं. ते मऊ बफवर लावा, दाब कमी ठेवा. एबोनाइटचं स्टेम उन्हापासून लांब ठेवा. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर, उजेड आणि दमट हवेने त्यातलं गंधक वर येऊन काळा रंग हिरवट तपकिरी होतो. पावसाळ्यात दांडी फुगून स्टेम आवळलं तर जोर लावू नका. पाइप दोन दिवस सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, मग निघेल. काढल्यावर टेननवर साध्या पेन्सिलीचं शिसं घासा.

नजर तयार झाली की मग ऑर्डर देऊन करून घ्या. कारागिराला आकार, एकूण लांबी, जास्तीत जास्त वजन आणि स्टेमचं मटेरियल एवढंच सांगा. रेषा कुठे जातील, रंग कोणता द्यायचा हे त्याच्यावर सोडा, कारण ठोकळा कापेपर्यंत आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नसतं. कापताना खड्डा निघाला तर तो ठोकळा टाकून दुसरा घेईल, तेव्हा तारखेसाठी मागे लागू नका. पूर्ण पैसे आगाऊ मागणाऱ्या अनोळखी माणसाला नम्रपणे नाही म्हणा. पाइपवरचा शिक्का, सोबतची कापडी पिशवी आणि त्याची पत्रं एकत्र ठेवा, आणि तुम्ही घेतलेली मापं पाइप आला त्याच दिवशी वहीत लिहून काढा.