खाली दोऱ्याचा गुंता होत होता, माझा अनुभव

चवथीच्या आधी पडदे शिवायला बसले आणि मशीनने खालून नुसता दोऱ्याचा गुंता काढायला सुरुवात केली, वरून टाका एकदम छान आणि कापड उलटं केलं की लूपच लूप. मी आधी बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याची रीळ बसते ती डबी) स्क्रू पिळत बसले, एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. पण गुंता खाली दिसला तरी गडबड बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असते हो! पायपट्टी (सुईखाली कापड दाबून धरते ती) खाली असताना दोरा ओवला होता, तेव्हा टेन्शनच्या चकत्या (वरचा दोरा ताणून धरणाऱ्या) घट्ट मिटलेल्या असतात, दोरा आत बसतच नाही. पायपट्टी वर करून पुन्हा ओवला, लगेच टाका बसला.

मग जाड कापडावर टाके सुटायला लागले. सुई काढून नखावर टोक फिरवलं तर ओरखडा उठला, बोथट झालेली. म्हापशाच्या बाजारातून १६ नंबरची आणली (साध्या सुतीला १४ पुरते) आणि लांब खाच दोरा येतो त्या बाजूला ठेवून बसवली.

आपल्याकडे पावसात गंज फार लवकर धरतो, म्हणून शटलमधला (खालची बॉबिन बसते त्या भागातला) कचरा ब्रशने काढून मशीनचं तेल एक-एक थेंब सोडते, खोबरेल अजिबात नको, ते चिकट होतं. आणि आधी चिंधीवर शिवून बघते.