लंडनच्या ईस्ट एंडचे पाय अँड मॅश

पाय (pie) अँड मॅश म्हणजे खिमा भरून भाजलेली पारी आणि कुस्करलेला बटाटा. पूर्व लंडनच्या कष्टकरी वस्तीत एकोणिसाव्या शतकात रुजलेला हा पदार्थ घरी करताना तळाच्या आणि वरच्या पारीची कणीक वेगवेगळी मळावी. तळासाठी २५० ग्रॅम मैद्यात १२५ ग्रॅम किसलेले सुएट, म्हणजे गुरांच्या गुर्द्याभोवतीची घट्ट चरबी, आणि चिमूटभर मीठ मिसळून गार पाण्याने भिजवावे. वरच्या पारीसाठी मात्र लोणी चोळलेला मैदा घ्यावा, म्हणजे ती खुसखुशीत होते.

गोमांसाचा ५०० ग्रॅम खिमा कांद्यासह परतून, मीठ आणि भरपूर पांढरी मिरी घालून, थोड्या पाण्यात रस दाट होईपर्यंत शिजवावा. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नये, कारण गरम सारणाच्या वाफेने तळ ओला राहतो. लंबगोल साच्यांत भरून, कडा दाबून, वर छोटे छिद्र पाडावे आणि २०० अंश सेल्सियसवर साधारण ४० मिनिटे भाजावे.

खरा जीव आहे तो 'लिकर' नावाच्या हिरव्या रश्श्यात, ज्यात मद्य अजिबात नसते. पूर्वी तो ईल मासे शिजवलेल्या पाण्यात होई. आज लोण्यात मैदा परतून, माशांचे किंवा कोंबडीचे पाणी ओतून, शेवटी मूठभर चिरलेली पार्सले, म्हणजे कोथिंबिरीसारखी दिसणारी पाल्याची जुडी, घालतात. पार्सले उकळू नये, रंग काळपटतो.

कुस्करलेला बटाटा सुरीने ताटलीच्या कडेला खरवडून लावावा, पाय उलटा ठेवावा, वर लिकर ओतावा आणि मिरचीचे व्हिनेगर शिंपडून काटा-चमच्याने खावे.