पहिला भाव मनात धरा

डिचोलीहून रोज कदंबच्या बसने पणजीला जाऊन मी जावास्क्रिप्ट ही वेबपानांची प्रोग्रामिंग भाषा शिकले. पहिल्याच मुलाखतीत प्रश्न आला: पाच-सहा आकड्यांतला सर्वांत लहान शोधून दाखव. सर्वांत लहान आकडा काढून देणारं जावास्क्रिप्टचं तयार मॅथ.मिन पाठ होतं, पण ते वापरायचं नव्हतं. मी सुरुवातीला 'लहान' म्हणून शून्य धरलं आणि एकेक आकडा त्याच्याशी ताडत गेले. सगळे आकडे शून्याहून मोठे, त्यामुळे उत्तर शून्यच आलं. ती नोकरी गेली.

खरं तर हे काम मी लहानपणापासून पाहत आले होते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आई मानकुराद आंबे घ्यायला जाते. पहिली बाई डझनाला बाराशे म्हणाली, की तो भाव आई मनात धरते. पुढची नऊशे म्हणाली, की बाराशे सोडून नऊशे धरायचे. तिसरीचे हजार ऐकायचे आणि पुढे चालायचं. शून्य रुपये मनात धरून बाजारात कोणी शिरत नाही. लूप, म्हणजे यादीतल्या प्रत्येक आकड्यावर तेच काम पुन्हा करणारा कोड, असाच लिहा: यादीतला पहिला आकडा 'लहान'मध्ये ठेवा, दुसऱ्यापासून ताडत जा, कमी दिसला की बदला. मॅथ.मिनला हात लावण्याआधी हे चार-पाच वेळा कागदावर करा, असं मी प्रत्येक नवख्याला आग्रहाने सांगते.

पुढे कामाला लागल्यावर दुसरी गोष्ट कळली. फॉर्मच्या चौकटीत भरलेला आकडा जावास्क्रिप्टला मजकूर म्हणून मिळतो. दोन्ही बाजूंना मजकूर असला, की तुलना अक्षरागणिक होते. मग वरच्या तीन भावांत सर्वांत लहान ठरतो हजार, कारण नऊशेचं पहिलं अक्षर नऊ हे एकापेक्षा मोठं, आणि बाराशेचं दुसरं अक्षर दोन हे हजारातल्या शून्यापेक्षा मोठं. म्हणून आधी जावास्क्रिप्टचं 'नंबर' हे फंक्शन वापरून मजकुराचा आकडा करून घ्या. पण रिकाम्या चौकटीचा नंबर शून्य होतो! एका हॉटेलच्या पानावर 'खोल्या ० रुपयांपासून' असं झळकलं आणि कारण शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली. रिकामी चौकट आधीच वगळायची असते.

मॅथ.मिनला अनेक आकड्यांची यादी तशीच दिली तर 'नॅन', म्हणजे 'हा आकडा नाही', असं मिळतं. २०१५ पासून यादीआधी तीन टिंबं देऊन ती सुटी करता येते. लाखो आकडे असतील तर मात्र तीन टिंबांनी प्रोग्राम कोसळू शकतो. तिथे लूपच बरा. आणि काहीच दिलं नाही तर मॅथ.मिन इन्फिनिटी, म्हणजे अनंत, परत करतं. मला हे फार आवडतं. पहिला भाव मिळेपर्यंत मनात काय धरायचं, याचं ते उत्तर आहे: कुठलाही खरा आकडा ज्याच्याहून लहानच असेल, असं काहीतरी.

ग्राहकाला मात्र अनंत दाखवता येत नाही. यादी रिकामी असेल तर पानावर काय लिहायचं, हे काम घेतानाच विचारून घ्या. मी तिथे 'भाव उपलब्ध नाही' असं लिहिते.