कोटिंग विभागात नवे आहात? आधी पाण्याचा हिशोब शिका

बी. फार्म. झाल्यावर मला गोव्यात वेर्ण्यातल्या एका औषध कंपनीत नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात कोटिंगला, म्हणजे गोळ्यांवर लेप चढवायच्या विभागात टाकलं. सिंधुदुर्गातून गोव्याच्या औषध कंपन्यांत जाणारी पुष्कळ मुलं आहेत, मी त्यातलाच एक. कॉलेजात हे प्रकरण परीक्षेआधी दोन दिवसांत उरकलं होतं. पॉलिमरची नावं आणि दोषांची यादी पाठ होती, पण ऑटोकोटरसमोर, म्हणजे गोळ्या फिरवत त्यांवर लेप फवारणाऱ्या यंत्रासमोर, उभं राहिल्यावर त्यातलं काहीच आठवेना.

जे समजायला मला तीन महिने लागले ते आधीच सांगतो. फिल्म कोटिंग म्हणजे गोळीला रंग देणं नव्हे, गोळीवर पाणी मारून ते लगेच उडवणं. एक साधं गणित करून बघा. पॅनमध्ये, म्हणजे यंत्राच्या फिरत्या ढोलात, 150 किलो गोळ्या आहेत आणि वजन 3 टक्के वाढवायचंय, म्हणजे 4.5 किलो कोरडा लेप गोळ्यांवर बसायला हवा. सस्पेन्शन, म्हणजे लेपाचं पाण्यात कालवलेलं मिश्रण, 15 टक्क्यांचं असेल तर ते 30 किलो लागतं. त्यातलं 25.5 किलो निव्वळ पाणी! मिनिटाला 200 ग्रॅमने फवारलं तर अडीच तासांत एवढं पाणी गोळ्यांवर पडतं, आणि ते आत मुरायच्या आधी गरम हवेबरोबर बाहेर जायला हवं. फवारणाऱ्या गनमधून काही लेप वाया जातो म्हणून सस्पेन्शन थोडं जास्तच बनवतात, ते वेगळं.

लेपातले घटक या हिशोबात बसवले की पाठ करावे लागत नाहीत. एचपीएमसी हा पॉलिमर पडदा धरतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉल त्याला लवचीक ठेवतो, नाहीतर कडेला तडे जातात. टायटॅनियम डायऑक्साइड खालची गोळी झाकतो आणि आयर्न ऑक्साइड रंग देतो. युरोपीय संघाने 2022 मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर खाद्यपदार्थांत बंदी घातली. औषधांत तो अजून चालतो, पण त्याच्याशिवाय झाकणारे लेप शोधायचं काम जोरात आहे, ते वाचत राहा. बहुतेक ठिकाणी हे सगळं तयार मिश्रण म्हणूनच येतं. ओपाड्राय हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. ते बनवणाऱ्या कलरकॉनचा कारखाना वेर्ण्यातच आहे.

आता माझी चूक. तिसरा महिना, जुलै, बाहेर धो धो पाऊस. शिफ्ट संपायला तास राहिला होता आणि बॅच माझ्याच शिफ्टमध्ये संपवायची हौस होती. मी स्प्रे रेट 200 वरून 260 वर नेला. इनलेटचं, म्हणजे आत येणाऱ्या हवेचं, तापमान जागच्या जागी होतं, त्यामुळे मी निश्चिंत. पण बेडचं, म्हणजे पॅनमधल्या गोळ्यांच्या थराचं, तापमान 43 वरून 38 वर उतरलं, तिकडे माझं लक्षच नव्हतं. कुडाळचे एक जुने ऑपरेटर काका शेजारच्या पॅनवर होते. ते स्वतःचं काम सोडून धावत आले आणि आधी पंप बंद केला. त्यांनी पॅनेल पाहिलंच नव्हतं, आवाज ऐकला होता. कोरड्या गोळ्या फिरताना खळखळ वाजतात, ओल्या झाल्या की आवाज जड होतो.

सॅम्पल काढलं तर काही गोळ्यांचे पापुद्रे निघाले होते, काही जोडीने चिकटल्या होत्या आणि लोगोच्या खाचा लेपाने भरल्या होत्या. पुढे दोन दिवस तपासणी पट्ट्यावर त्या निवडत बसावं लागलं. बॅच रेकॉर्डमध्ये कारण काय लिहायचं, यावर मी घुटमळलो. काका एवढंच म्हणाले, "जे केलंस ते लिही. ही गोळी कोणीतरी खाणार आहे." मी स्प्रे रेट वेळेसकट लिहिला. चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली: त्या दिवशी आत येणारी हवाच दमट होती. 65 अंशांची दमट हवा 65 अंशांच्या कोरड्या हवेइतकं पाणी उचलत नाही. कोकण-गोव्यात काम करणार असाल तर पावसाळ्यात हवेतला दमटपणा काढणाऱ्या डीह्युमिडिफायरचं रीडिंग बघितल्याशिवाय स्प्रे सुरू करू नका.

उलटी चूकही होते. हवा फार गरम आणि स्प्रे कमी असेल तर थेंब गोळीवर पोचायच्या आधीच सुकतो. मग पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होतो आणि वजन काही वाढत नाही. गन बेडपासून 20 ते 25 सेंटीमीटरवर आहे ना, हे पट्टीने मोजा, नजरेने नको.

पँटोप्राझोल या ॲसिडिटीच्या औषधावर काम मिळालं तर सोडू नका, त्यात शिकायला खूप आहे. हे औषध आम्लात टिकत नाही, म्हणून मिथाक्रिलिक आम्लाच्या पॉलिमरचा एंटेरिक, म्हणजे जठरात टिकून आतड्यात विरघळणारा, लेप देतात. तो पीएच 5.5 च्या वर विरघळतो. पण पॉलिमर स्वतःच आम्लधर्मी! तो थेट गाभ्यावर बसला तर साठवणुकीत गोळीचा रंग बदलायला लागतो. म्हणून मध्ये एचपीएमसीचा सबकोट, म्हणजे आतला पातळ लेप, असतो. हा सबकोट विरळ राहिला तर त्या दिवशी काहीच दिसत नाही, महिन्यांनी स्टॅबिलिटीत, म्हणजे साठवून ठेवलेल्या गोळ्यांच्या तपासणीत, दिसतं. एंटेरिक लेप चिकट असतो. बेड 30 अंशांच्या आसपास ठेवा आणि सस्पेन्शन जोरात घुसळू नका, त्याच्या गुठळ्या होतात. चाचणी अशी: आम्लात दोन तास गोळी अभंग, मग 6.8 पीएचच्या बफरमध्ये तासाभरात फुटली पाहिजे. पहिल्या बॅचची ही चाचणी लॅबमध्ये उभं राहून बघा.

शुगर कोटिंग आता क्वचितच दिसतं. काम कित्येक दिवस चालायचं आणि गोळीचं वजन कधी दुप्पट व्हायचं. कॅप्सूलचं म्हणाल तर जिलेटिनच्या कवचावर पाण्याचा लेप देणं अवघड, कवच मऊ पडतं. म्हणून ओमेप्राझोलसारख्या औषधात आतल्या पेलेट्सना, म्हणजे बारीक दाण्यांना, फ्लुइड बेडमध्ये हवेच्या झोतावर तरंगत ठेवून लेप देऊन मग त्या कॅप्सूलमध्ये भरतात.

आणि बॅच संपल्यावर गन, ट्यूब आणि पॅन लगेच धुवा, तेही गार पाण्याने. चटकन निघावं म्हणून मी पहिल्यांदा गरम पाणी घेतलं होतं. एचपीएमसी गरम पाण्यात विरघळत नाही, त्याची जेली होते. नोझलमधली ती जेली मी रात्री साडेअकरापर्यंत काढत होतो.