तोंडाची तपासणी घरी कशी करावी आणि काही आढळल्यास पुढे काय करावे

तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात बहुतेक वेळा दुखत नाही, आणि तो उशिरा सापडण्याचे एक मोठे कारण हेच आहे. आमच्या सातारा-सांगलीकडे माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती दुखणे सोसेनासे झाल्यावर. तोवर "दुखत नाही ना, मग राहू दे" असे म्हणत गालातला पांढरा चट्टा, हिरडीवरची जखम किंवा गळ्याशी हाताला लागणारी गाठ तशीच अंगावर काढली जाते. म्हणून तपासणीचा दिवस आपण ठरवावा, तो दुखण्यावर सोपवू नये. मला स्वतःला खालच्या हिरडीचा कर्करोग झाला होता. हलणारा दात काढून घ्यायला गेले असता त्या दाताच्या मुळाशी असलेला व्रण दातांच्या डॉक्टरांना दिसला, आणि त्या दिवसापर्यंत तिथे मला कसलीही वेदना नव्हती. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार पार पडल्यानंतर आता मी कोरेगाव तालुक्यातल्या बचत गटांच्या बैठकांत बायकांना तोंड तपासायला शिकवते. तिथे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांना धरूनच पुढचे लिहिले आहे.

कोणी तपासावे

तंबाखूचा बार भरणारे, मावा (सुपारी, तंबाखू व चुना यांचे मिश्रण) किंवा गुटखा खाणारे, विडी-सिगारेट ओढणारे आणि मिश्री लावणारे, या सर्वांनी दर महिन्याला तोंड तपासावे. यासोबत दारूही असेल तर धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून मिळणारा मावा घेणाऱ्याला आपण काही वेगळे खातो असे वाटत नाही. "मी तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी" असे सांगणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे.

घरातल्या वयस्कर बाईला "तुम्ही तंबाखू खाता का?" असे विचारून उपयोग होत नाही. "नाही बाई, मी कशाला खाईन" असे उत्तर येते, आणि ते तिच्या लेखी खरेच असते. त्याऐवजी "आत्या, मिश्री दिवसातून कितीदा लावता?" असे विचारावे, म्हणजे उठल्यावर, चहानंतर, रानातून आल्यावर, जेवल्यावर आणि झोपताना असा सगळा हिशेब आपोआप बाहेर येतो. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली ती तंबाखूच असते, आणि ओठ व हिरडी यांमधल्या खाचेत ती बराच वेळ बसून राहते.

हा आजार अडाण्यांचा किंवा गरिबांचा आहे, ही समजूतही सोडून द्यावी. सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील राज्याचे गृहमंत्री होते. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी त्यांचे निधन झाले ते तोंडाच्या कर्करोगानेच. शरद पवार यांनाही २००४ च्या सुमारास हाच आजार झाला होता, आणि त्याविषयी ते जाहीरपणे बोलले आहेत. मोठी माणसे बोलतात, तेव्हा घरातल्या माणसांना बोलणे सोपे जाते, असे मी बैठकांत पाहिले आहे.

तोंड कसे पाहावे

दर महिन्याचा एक दिवस लक्षात राहील असा निवडावा. आमच्या गटातल्या बऱ्याच जणींनी संकष्टी धरली आहे, कारण ती दिनदर्शिकेत वेगळी लिहून ठेवावी लागत नाही. सकाळच्या उजेडात खिडकीपाशी आरसा टेकवावा, मोबाइलची बॅटरी हाताशी ठेवावी, हात साबणाने धुवावेत, कवळी असेल तर काढून ठेवावी आणि दोन-तीन वेळा चूळ भरावी. मिश्रीचा किंवा पानाचा रंग राहिला तर खालची त्वचा दिसत नाही.

प्रथम ओठ पाहावेत. खालचा ओठ दोन्ही हातांनी बाहेर उलटवून त्याची आतली बाजू आणि समोरची हिरडी नीट न्याहाळावी, मग वरचा ओठ तसाच उचलावा. त्यानंतर स्टीलच्या चमच्याच्या दांड्याने किंवा बोटाने गाल बाहेर ओढून तो थेट शेवटच्या दाढेच्या मागेपर्यंत पाहावा, आधी एक बाजू आणि मग दुसरी. येथे घाई करू नये, कारण आपल्या देशात हा कर्करोग सर्वाधिक आढळतो तो गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेत, म्हणजे नेमका जिथे बार ठेवला जातो तिथे. बार कोणत्या बाजूला ठेवण्याची सवय आहे हे ज्याचे त्याला ठाऊक असते. ती बाजू दोनदा पाहावी.

जीभ नुसती बाहेर काढून भागत नाही. स्वच्छ रुमालाने तिचे टोक धरून ती एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे ओढावी, म्हणजे दाढांना घासणाऱ्या तिच्या कडा मागेपर्यंत दिसतात. नंतर टोक टाळूला लावून जिभेखालची जागा पाहावी, मान मागे टाकून टाळू पाहावा आणि "आऽ" म्हणत घशाच्या कमानीकडे नजर टाकावी. पाहून झाल्यावर हाताने चाचपावे: अंगठा आत आणि बोट बाहेर ठेवून गाल हळू दाबत न्यावा, आणि मग जबड्याखाली, मानेच्या दोन्ही बाजूंना व गळपट्टीच्या हाडाच्या वर बोटे फिरवावीत. सर्दी-तापात येणारी गाठ मऊ असते, दुखते आणि ओसरते. न दुखणारी, टणक आणि वाढत जाणारी गाठ ही दाखवण्याची गाठ समजावी.

शेवटी आपलीच तीन बोटे उभी करून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती सहज बसली पाहिजेत. दोनच बसत असतील, किंवा पूर्वी भाकरीचा मोठा घास सहज जात होता आणि आता तो लहान करावा लागतो, तर गालाची आतली त्वचा कडक होत चालली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. सुपारी व मावा खाणाऱ्यांत हा विकार फार आढळतो; तो स्वतः कर्करोग नव्हे, पण पुढे तिकडे जाण्याचा संभव असतो. त्याची पहिली खूण मात्र आरशात दिसत नाही, ती ताटात दिसते. उन्हाळ्यात घरोघरी कांदा-लसूण मसाला होतो, आणि एखाद्याला एकाएकी कालवण झोंबू लागले की दोष जातो मिरचीला: यंदा संकेश्वरी कमी घातली आणि लवंगी जास्त झाली. त्याच भांड्यातले कालवण घरातले बाकीचे मुकाट्याने खात असतील, तर मिरचीला बोल लावण्याआधी त्या माणसाचे तोंड पाहावे.

घाबरू नये अशा गोष्टी

पहिल्यांदा तोंड तपासणाऱ्याला त्यात सारेच संशयास्पद दिसते, म्हणून निरोगी तोंडात काय असते हे ठाऊक हवे. वरचे आणि खालचे दात जिथे मिळतात त्या पातळीवर गालाच्या आत एक पांढरी रेघ असते. गालात आणि ओठात राईपेक्षाही बारीक पिवळसर ठिपके असू शकतात. वरच्या दाढेसमोर गालात दिसणारा छोटा उंचवटा हे लाळेच्या नळीचे तोंड असते. जिभेच्या अगदी मागे एका ओळीत मोठे दाणे असतात, जिभेखाली निळ्या शिरा दिसतात, आणि काहींच्या टाळूच्या मधोमध हाडासारखा टणक उंचवटा वर्षानुवर्षे असतो. दोन्ही बाजूंना सारखेच दिसणारे आणि महिनोन्महिने न बदलणारे असे काही असेल, तर ते बहुधा आपल्या तोंडाचा भागच असते. एकाच बाजूला असलेले आणि बदलणारे काही दिसले, तर त्याची दखल घ्यावी.

दाखवावे असे काय, आणि किती थांबावे

पुसून न निघणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, कडा उंचावलेला व्रण, वाढीव मांस, विनाकारण रक्त येणे, कीड नसताना हलू लागलेला दात, दात काढल्यावर न भरणारी जागा, नीट बसणारी कवळी अचानक लागू लागणे, खालच्या ओठाला किंवा हनुवटीला बधिरपणा, एकाच बाजूचा कान दुखत राहणे, गिळताना अडणे आणि तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, यांतले काहीही असेल तर ते दाखवावे. पांढऱ्यापेक्षा लाल चट्टा अधिक गंभीर मानला जातो, आणि तो दिसायला साधा असल्यामुळे सुटतो.

साधे तोंड आले असेल तर ते दुखते आणि बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत बरे होते. म्हणून मुदत चौदा दिवसांची ठेवावी. व्रण दिसला त्याच दिवशी मोबाइलवर जवळून फोटो काढावा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. चौदाव्या दिवशी त्याच उजेडात दुसरा काढावा. दुखणे कमी झाले आहे का, याला या मुदतीत महत्त्व देऊ नये, जागा भरली की नाही एवढेच पाहावे. मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायचे मलम आणण्याला माझी हरकत नाही, पण एक पट्टी संपली की दुसरी, असे करत तीन महिने निघून जातात, ती खरी हानी आहे. टोकदार दाढ लागून जखम झाली असेल तर दाढ घासून घ्यावी, आणि तरीही दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर दाढेला दोष देणे थांबवावे. गाठ, बधिरपणा किंवा अकारण हलणारा दात असेल तर चौदा दिवसही थांबू नये.

डॉक्टरांकडे काय सांगावे

दातांचे डॉक्टर, कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, कोठेही सुरुवात करता येते. तीस वर्षांवरील सर्वांची तोंडाची तपासणी हा सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमाचा भाग आहे, म्हणून गावातल्या आशाताईंना विचारावे. डॉक्टरांसमोर "तोंड आलंय" एवढेच म्हणू नये. "ही जखम अमुक तारखेपासून आहे, मी इतकी वर्षे मिश्री लावते, तुकडा काढून तपासावा लागेल का?" असे पूर्ण सांगावे. बायका व्यसनाचा उल्लेख मुलासमोर किंवा जावयासमोर टाळतात. तसे असेल तर त्यांना बाहेर बसायला सांगण्याचा रुग्णाला अधिकार आहे.

तुकडा काढण्याला लोक फार भितात. चाकू लावला की कॅन्सर चवताळतो, हे मी सुशिक्षित घरांतही ऐकले आहे. तुकडा तपासल्याने आजार पसरत नाही, आणि तो तपासल्याशिवाय कोणताही जबाबदार डॉक्टर उपचार सुरू करत नाही. अहवालात "डिस्प्लेशिया" असा शब्द असेल तर पेशी बदलू लागल्या आहेत पण कर्करोग झालेला नाही, असा त्याचा अर्थ होतो. "स्क्वॅमस सेल कार्सिनोमा" हा तोंडातल्या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. तपासलेल्या तुकड्याची काचपट्टी आणि तो तुकडा ज्यात जपून ठेवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्यावा, कारण मिरज, कराड, पुणे किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयात गेल्यावर तोच मागितला जातो.

खर्चासाठी शेत विकायला काढण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि तपासणीचे अहवाल घेऊन शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधीच त्यांना भेटावे, कारण मंजुरी आधी घ्यावी लागते.

उपचारांच्या काळात

किरणोपचार, ज्याला आपल्याकडे शेक देणे म्हणतात, सुरू होण्यापूर्वी किडलेले दात काढून जखमा भरू द्याव्यात. नंतर त्या जागचा दात काढला तर जबड्याचे हाड भरून येत नाही असा धोका असतो. आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे हे उपचार साधारण सहा आठवडे चालतात. माझे तोंड तिसऱ्या आठवड्यापासून सोलवटल्यासारखे झाले होते, आणि त्या काळात नाचणीची आंबील, पातळ मुगाची खिचडी, दूध-भात आणि मिठाशिवाय काही न घातलेली पेज यांवरच निभावले. सर्व पदार्थ कोमट असावेत. चव परत यायला महिने लागतात, लाळ पूर्वीइतकी येत नाही, म्हणून पाण्याची बाटली कायमची सोबत ठेवावी लागते. तोंड उघडण्याचे आणि खांदा वर नेण्याचे व्यायाम डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून करावेत, कंटाळा आला तरी करावेत. आखडलेला जबडा नंतर सैल करणे फार अवघड जाते.

तंबाखू याच काळात सुटली पाहिजे. १८०० ११ २३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो, आणि तिथे सोडण्यासाठी मार्गदर्शन मिळते. मिश्रीच्या डबीवर अर्थात काहीच छापलेले नसते, म्हणून तो घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा.

पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी फेरतपासणीला बोलावतात, पुढे अंतर वाढत जाते. घरची तपासणी मात्र थांबवू नये, कारण तंबाखू वर्षानुवर्षे साऱ्या तोंडाला लागलेली असते आणि दुसऱ्या जागीही नवा आजार होऊ शकतो. अंगावरची कातडी घेऊन गालात किंवा हिरडीवर बसवली असेल तर ती रंगाने फिकट राहते, तिच्यावर कधीकधी केसही उगवतात, आणि त्याने घाबरून जाऊ नये. त्या कातडीची कड जिथे मूळच्या त्वचेला जोडली आहे ती रेषा मात्र दर संकष्टीला बॅटरीच्या उजेडात पूर्ण फिरून पाहावी, आणि तिथे नवी जखम, जाडपणा किंवा लाली आढळल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता फाईल घेऊन त्याच आठवड्यात जावे.