वृद्धाश्रमात एकाच इंजिनवर वीज आणि गरम पाणी: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक खरेदीच्या वेळीच होते. पंखे, कूलर, दिवे, बोअरची मोटार यांची बेरीज करून गोबरगॅसचं मोठं जनरेटर ठरवलं जातं आणि गरम पाण्याचा हिशेब कोणी मांडतच नाही. इंजिनात जळणाऱ्या गॅसच्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिश्श्याचीच वीज होते. पाण्यात उतरवता येईल अशी उष्णता ४० टक्क्यांच्या आसपास असते. ती वापरली नाही तर हा खर्च परवडत नाही.

म्हणून सुरुवात आंघोळीपासून करा. ४० आजी-आजोबा, माणशी २० लिटर पाणी, थंडीत २५ अंशांनी तापवायचं, म्हणजे रोज सुमारे २३ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. ५ किलोवॅटचं इंजिन तीन तास चाललं की तेवढी मिळते, शिवाय १५ युनिट वीज. त्यासाठी १० घनमीटर गॅस, म्हणजे जवळपास २५० किलो शेण लागतं. एवढं शेण पंचवीसेक जनावरं देतात. गोठ्यात आठच असतील तर या भानगडीत पडू नका, सोलर हीटर बसवा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आपोआप कढत असतं, तेव्हा उरलेली उष्णता बाहेर टाकायला रेडिएटर हवाच. तो काढून पैसे वाचवू नका.

इंजिन ऑइल वेळेआधी काळं पडत असेल, पितळी भाग काळवंडत असतील, तर गॅसमधला गंधकवायू (हायड्रोजन सल्फाइड) इंजिनात जातोय. लेथवरचा गंजका लोखंडी कीस भरलेलं फिल्टर इंजिनाआधी बसवा. वापरलेला कीस काढताना मात्र पाण्याने भिजवा; हवा लागली की तो तापतो, पेटूही शकतो.

विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीतलं पाणीच खारं, तिथे दुसरंच दुखणं. पाणी कोमट येतंय आणि इंजिन तापतंय, म्हणजे हीट एक्स्चेंजरमध्ये (इंजिनाची उष्णता आंघोळीच्या पाण्याला देणाऱ्या भागात) क्षार साचलेत. बोअरचं पाणी थेट इंजिनात फिरवू नका. इंजिनाचं पाणी बंद चक्रात ठेवा आणि एक्स्चेंजर अधूनमधून लिंबूफुलाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) पाण्याने धुवा.

डिसेंबरात थंडीमुळे गॅस कमी पडला तर शेण कालवायला इंजिनावरचंच कोमट पाणी घ्या.

लाइन गेल्यावर जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय (घर एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा स्विच) जोडला तर वीज उलटी खांबावर जाते, म्हणजे खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवाशी खेळ. इथे तडजोड चालणार नाही.

गरम पाण्याच्या टाकीतलं पाणी जंतू वाढू नयेत म्हणून ६० अंशांवर ठेवतात. तेच थेट न्हाणीघरातल्या नळाला आलं तर म्हाताऱ्या माणसाची पातळ कातडी काही सेकंदांत भाजते, आणि हात मागे घ्यायलाही त्यांना वेळ लागतो. प्रत्येक न्हाणीघराला गरम-थंड पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावा, तो ४० अंशांच्या आसपास ठेवा आणि दर महिन्याला थर्मामीटर लावून स्वतः तपासा.